जबड्याचा सांधा : सुरीपासून सुईपर्यंत

पळसदेव, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात उसाला तोटा नाही. उसाचे कांडे दातांनी सोलायचे आणि चघळायचे, हा तिथल्या शाळकरी मुलांचा हंगामातला नित्याचा उद्योग. अशा वेळी एखाद्याच्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज होतो. बहुतेकांचे तेवढ्यावरच भागते. क्वचित एखाद्याचे मात्र सकाळी उठल्यावर तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे होते, घास चावताना कानाजवळ कळ येते. घरचे घाबरतात. दातांच्या डॉक्टरांकडे जायचे, कानाच्या की हाडांच्या, हेच कळत नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. जबड्याच्या सांध्याचे दुखणे नेमके कशाचे आणि त्यावर उपाय कोणता, याबद्दल जगभरच्या वैद्यकात शंभरावर वर्षे असाच गोंधळ होता. या काळात उपचारांचा प्रवास मोठ्या शस्त्रक्रियेकडून दुर्बिणीकडे, दुर्बिणीकडून सुईकडे आणि शेवटी साध्या व्यायामाकडे झाला. उपचार मोठे होत गेल्याच्या कथा आपण नेहमी वाचतो. ही ते लहान होत गेल्याची कथा आहे. ते का लहान झाले, हे समजून घेतले तर विज्ञान कसे चालते याचा एक चांगला धडा हाती लागतो.

आधी सांधा ओळखू या

दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखाली काहीतरी आधी फिरते आणि मग पुढे सरकते. ते खालच्या जबड्याच्या हाडाचे वरचे गोलसर टोक. कवटीच्या शंखास्थीला खालच्या बाजूने एक खळगा असतो, त्यात हे टोक बसते. दोन हाडांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक लवचीक चकती असते. चकतीमुळे सांध्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात. दोन्ही कप्प्यांत वंगणासारखा बुळबुळीत द्रव असतो. वरचा कप्पा मोठा, पण त्यातही जेमतेम एक मिलिलिटर द्रव मावतो.

तोंड उघडू लागलो की प्रथम खालच्या कप्प्यात हाड बिजागरीसारखे फिरते. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर तोंड उघडल्यावर हाड आणि चकती मिळून वरच्या कप्प्यात पुढे घसरतात. गुडघा किंवा कोपर असा घसरत नाही. शिवाय उजवा आणि डावा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना असल्याने एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही. चकती जागची पुढे सरकली असेल तर हाड तिच्यावर चढताना ‘कट्’ असा आवाज होतो. हाडाला चकती ओलांडताच आली नाही, तर तोंड अर्ध्यावर अडते.

अंगठ्यांचा उपाय

जबड्याचा सांधा निखळून तोंड उघडेच राहण्याचा प्रकार माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इजिप्तमधील एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात त्यावरचा उपाय दिला आहे : दोन्ही अंगठे तोंडात घालून मागे दाबायचे, बाकीची बोटे हनुवटीखाली ठेवायची आणि जबडा जागी ढकलायचा. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांतही ही रीत आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात जबड्याला आधी शेक देऊन मग अंगठ्यांनी दाबावे आणि तर्जनींनी हनुवटी उचलावी, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत सांधा बसवल्यानंतर बांधायचा पट्टाही सांगितला आहे. आजही आकस्मिक विभागातला डॉक्टर जवळपास हेच करतो. या उपायात सुरीही नाही आणि सुईही नाही.

पण निखळलेला जबडा डोळ्यांना दिसतो. आवाज करणारा, दुखणारा, अडणारा जबडा बाहेरून तसा दिसत नाही. तिथे काय बिघडले याचा अंदाज बांधावा लागतो, आणि घोळ सुरू होतो तो या अंदाजांपासून.

चकतीवर ठपका

१८८७ मध्ये एडिंबरोचे शल्यविशारद टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी दोन रुग्णांचा सांधा उघडला, सरकलेली चकती मागे ओढली आणि टाक्यांनी जागी बसवली. दोघांनाही आराम पडल्याचे त्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९०९ मध्ये ओटो लान्झ यांनी चकती काढूनच टाकल्याचे नोंदवले. चकती सरकली म्हणजे दुखणे आणि ती बसवली किंवा काढली म्हणजे आराम, ही कल्पना इथे रुजली.

१९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी अकरा रुग्णांच्या आधारे वेगळेच मांडले. त्यांच्या मते दाढा पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे जाऊन नसा आणि कानाची नळी दाबते. म्हणून कान दुखतो, डोके दुखते. उपाय म्हणजे दातांची उंची वाढवणे. या लक्षणसमूहाला कॉस्टन यांचे नाव मिळाले आणि हजारो लोकांच्या दातांवर त्यानुसार काम झाले. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी दाखवून दिले, की कॉस्टन सांगतात त्या नसा त्या ठिकाणी तशा दाबल्या जाऊच शकत नाहीत. पुढे १९५० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी आणि १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी सांध्याऐवजी चावण्याच्या स्नायूंकडे लक्ष वेधले. ताणाखाली माणूस दात आवळतो, स्नायू थकतात, आकसतात आणि दुखतात, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे दुखणे एकच. पण एकाला त्यात चकती दिसली, दुसऱ्याला दात, तिसऱ्याला स्नायू. खात्री करायची तर जिवंत माणसाच्या सांध्यात डोकावता यायला हवे होते.

आत डोकावण्याच्या वाटा

क्ष-किरणांत हाडे दिसतात, कूर्चा दिसत नाही. उजनीचे पाणी फार उतरले, की जुन्या पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ वर येते, हे त्या भागातल्या सर्वांना ठाऊक आहे. सांध्याच्या बाबतीत युक्ती उलटी होती : द्रव भरला की चकती दिसते. १९४७ मध्ये डेन्मार्कच्या फ्लेमिंग नॉरगार्ड यांनी क्ष-किरण अडवणारा द्रव सुईने सांध्याच्या कप्प्यांत भरून चकतीची बाह्यरेषा दाखवली. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्लाइड विल्क्स यांनी ही पद्धत पुन्हा वापरात आणली. विल्यम फरार यांनी चकती सरकणे, आवाज येणे आणि जबडा अडणे यांचा संबंध जोडून दाखवला. त्यानंतर एमआरआय तपासणी आली आणि सुई न टोचताही चकती दिसू लागली.

आता रुग्णांच्या सांध्यांत सरकलेल्या चकत्या सर्रास दिसू लागल्या. अ‍ॅनन्डेल यांची कल्पना नव्या जोमाने परतली आणि चकती बसवण्याच्या, चकती काढून तिच्या जागी दुसरे काही घालण्याच्या शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात भराभर होऊ लागल्या.

इथे आपण थोडे थांबू या. विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही यात एक उणीव दिसेल. सर्व प्रतिमा रुग्णांच्या होत्या. ज्यांचा जबडा कधीच दुखला नाही त्यांच्या प्रतिमा कोणी घेतल्या होत्या? त्या घेतल्या गेल्या, पण जरा उशिरा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोकांच्या चकत्याही सरकलेल्याच निघाल्या. त्यांना दुखत नव्हते. म्हणजे चकतीचे सरकणे हे दुखण्याचे एकमेव कारण असू शकत नव्हते.

टेफ्लॉनचा महागडा धडा

ही उणीव भरून निघेपर्यंत मोठी किंमत मोजावी लागली. काढलेल्या चकतीच्या जागी बसवण्यासाठी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील व्हायटेक कंपनीने प्रोप्लास्ट आणि टेफ्लॉनचे पत्रे बनवले होते. टेफ्लॉन निसरडे आणि शरीरात निष्क्रिय, तेव्हा सांध्यासाठी उत्तमच, असा तर्क होता. १९८३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीला मोकळीक दिली.

पण जबडा दिवसभरात असंख्य वेळा हलतो आणि चावताना त्यावर मोठा दाब येतो. त्या दाबाखाली पत्रे झिजून त्यांचे बारीक कण झाले. ते कण गिळंकृत करण्यासाठी शरीराच्या पेशींनी गर्दी केली आणि त्या लढाईत भोवतीचे हाडच खाल्ले गेले. काहींच्या बाबतीत झीज कवटीपर्यंत पोहोचली. १९९० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि १९९१ च्या आरंभी उरलेले पत्रे जप्त केले. तोवर हजारो रुग्णांच्या जबड्यांत ते बसवले गेले होते. अनेकांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. यात स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण हे दुखणे स्त्रियांत अधिक आढळते. जी गोष्ट स्वस्थ पडली असता निष्क्रिय असते, ती भरडली गेल्यावरही निष्क्रिय राहील असे धरून चालणे किती घातक, हे या प्रकरणाने दाखवले.

गुडघ्यातून जबड्यात

याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने वेगळा उपाय येत होता. १९१८ मध्ये टोकिओत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृत व्यक्तीच्या गुडघ्यात घालून पाहिली. गुडघ्याच्या क्षयाने सांधा ताठला की जपानी माणसाला रीतीप्रमाणे गुडघे मुडपून बसता येत नसे. तो बिघाड लवकर ओळखावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणी सुधारल्या आणि बारीक केल्या. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण तयार झाल्यावर मासातोशी ओनिशी यांनी ती जबड्याच्या सांध्यात घातली आणि १९७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

दुर्बिणीतून स्वच्छ दिसावे म्हणून सांध्यात सतत सलाईनसारखा द्रव खेळवावा लागतो. शल्यविशारद आत धागे दिसले की ते तोडत, शक्य तिथे चकती मागे सारत. १९८६ मध्ये ब्रूस सँडर्स यांनी अडलेल्या जबड्यांवर हा उपाय करून चांगला गुण आल्याचे नोंदवले. तोंड उघडू लागले, वेदना कमी झाली. चकती मोकळी झाली म्हणूनच आराम पडला, असे मानणे साहजिक होते.

पण १९८९ च्या सुमारास अशा रुग्णांची शस्त्रक्रियेनंतर एमआरआय तपासणी झाली आणि कोडे पडले. रुग्ण बरे होते, पण बहुतेकांच्या चकत्या होत्या तिथेच, पुढे सरकलेल्या स्थितीत होत्या.

मग गुण कशाचा?

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो : एका वेळी एकच गोष्ट बदला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन गोष्टी एकदम होत होत्या. आत पाहणे, अवजारे चालवणे आणि सांधा धुऊन निघणे. यांपैकी पहिल्या दोन वगळल्या तर? जेरुसलेमच्या डोरिट नित्झान यांनी फ्लोरिडाचे फ्रँकलिन डॉल्विक आणि मार्टिनेझ यांच्यासह नेमके हेच केले. १९९१ मध्ये त्यांनी १७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्या वर्षी टेफ्लॉनचे पत्रे जप्त होत होते, त्याच वर्षी.

त्यांची कृती अशी. कानाच्या पुढच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ आखायची. रेघेवर कानापासून १० मिलिमीटर पुढे आणि २ मिलिमीटर खाली एक खूण, तर २० मिलिमीटर पुढे आणि १० मिलिमीटर खाली दुसरी. भूल देऊन त्या ठिकाणी दोन सुया वरच्या कप्प्यात घालायच्या. एकीतून द्रव आत सोडायचा, दुसरीतून तो बाहेर येऊ द्यायचा. अधूनमधून जबडा हलवायचा. टाके नाहीत, दुर्बीण नाही, चकतीला हात लावणे नाही. तरीही अडलेली तोंडे उघडली. या उपायाला आर्थ्रोसेन्टेसिस म्हणतात. २००८ मध्ये इटलीतील पादुआच्या गटाने एकाच सुईने हे काम करण्याची रीतही मांडली.

असे का व्हावे? धुण्याने दाह निर्माण करणारी रसायने निघून जातात, हे एक कारण. नित्झान यांची दुसरी कल्पना वर्गात दाखवता येते. गुळगुळीत फरशीला चिकटवायची रबरी वाटी घ्या. दाबून चिकटवली की ती ओढूनही निघत नाही. कड जराशी उचलून आत हवा जाऊ दिली की लगेच सुटते. त्यांच्या मते सांध्यातले वंगण बिघडले, की चकती अशीच खळग्याच्या छताला चिकटून बसते. सुईवाटे द्रव आत शिरला की दाबाचा फरक नाहीसा होतो आणि ती घसरू लागते. आदल्या दिवशी ठीक असलेले तोंड दुसऱ्या दिवशी एकाएकी का अडते, याचा उलगडाही या कल्पनेने बऱ्यापैकी होतो.

मग सुईचीही परीक्षा झाली

गोष्ट इथे संपली असती तर ‘लहान उपायाचा मोठा विजय’ असे म्हणून थांबता आले असते. पण जो प्रश्न शस्त्रक्रियेला विचारला, तो सुईलाही विचारायला हवा. काहीच न करता, किंवा त्याहून साधे काही करून, हे रुग्ण बरे झाले असते का?

२००७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील एरिक शिफमन आणि सहकाऱ्यांनी जबडा अडलेल्या १०६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी चार गटांत वाटणी केली होती. एका गटाला औषधे आणि सल्ला, दुसऱ्याला व्यायामासह पुनर्वसन, तिसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, चौथ्याला सांधा उघडून शस्त्रक्रिया. पाच वर्षे पाठपुरावा केला. चारही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २००९ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सांधा धुण्याविषयी निकषांत बसणाऱ्या दोनच चाचण्या, मिळून ८१ रुग्णांच्या, सापडल्या. ठाम निष्कर्षाला तेवढा पुरावा पुरेसा नव्हता.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या जबड्याच्या दुखण्यासाठी त्यांनी देखरेखीखालचे व्यायाम, जबड्याची हालचाल करून घेणे, स्नायूंचे उपचार, मनावरील ताण हाताळायला शिकवणारे उपचार, घरी करायचे व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून धीर देणे यांना ठळक पसंती दिली. सांधा धुणे, त्यात हायल्युरोनिक आम्ल टोचणे, बोटॉक्स टोचणे आणि दातांवर बसवायच्या काढत्या-घालत्या पट्ट्या यांची शिफारस त्यांनी सर्वसाधारणपणे केली नाही. चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला तर स्पष्ट विरोध केला.

याचा अर्थ सुई निरुपयोगी ठरली असा नाही. जबडा नुकताच अडला आहे आणि साध्या उपायांनी सुटत नाही, अशा निवडक रुग्णांत शल्यविशारद आजही ती वापरतात. पण जबडा दुखतो म्हणून प्रत्येकाला टोचायची गरज नाही. आज जबड्याच्या सांध्यात टोचायच्या निरनिराळ्या द्रवांचे पर्याय रुग्णापुढे ठेवले जातात, अशा वेळी हे लक्षात असलेले बरे.

अडलेले तोंड नेहमी सांध्याचेच नसते

आपल्या भागासाठी एक गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्याच दुसऱ्या एका संशोधकाने केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाचे आतले अस्तर ताठरण्याचा विकार नोंदवला; १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी तो सविस्तर मांडला. अस्तराखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखे घट्ट होतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. याचे मुख्य कारण सुपारी : गुटखा, मावा, पानमसाला या रूपांतली. या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून कर्करोग आणि त्याआधीच्या विकारांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, तरी शिक्षकांना शाळेच्या आसपासची परिस्थिती आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

अशा तोंडाचा सांधा निर्दोष असतो. तो कितीही धुतला तरी तोंड उघडणार नाही. वेळ मात्र जाईल.

शिक्षक निदान करू शकत नाहीत, करूही नये. पण काही खुणा ओळखू शकतात. निरोगी मुलाला स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालता येतात. ती मावत नसतील तर पाहावे. सुरुवात एकाएकी झाली, दुखते कानापुढे आणि तोंड उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते, तर सांधा अडला असण्याची शक्यता. महिनोन्महिने तोंड मिटत आले, तिखट लागताच आग होते आणि गाल आतून पांढुरके, घट्ट दिसतात, तर सुपारीची चौकशी करावी आणि लगेच दंतवैद्याकडे पाठवावे. काही दिवसांपूर्वी जखम झाली होती आणि आता जबडा आवळला आहे, मान ताठ आहे, तर धनुर्वाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आणि नुसताच ‘कट्’ आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडते? मग मुलाला आणि पालकांना धीर द्यावा. असा आवाज पुष्कळांना येतो. त्याला उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर काही दिवस मऊ खावे, ऊस दातांनी सोलण्याऐवजी गंडेऱ्या करून खाव्यात, शेक घ्यावा, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा. परीक्षेच्या दिवसांत दात आवळून बसायची सवय पुष्कळांना असते. त्यांना एवढेच सांगावे : ओठ मिटलेले, दात सुटे. त्याने भागले नाही, तर पुण्याला किंवा सोलापूरला मुखशल्यविशारदाकडे जावे आणि कोणताही मोठा उपाय सुचवला गेला तर विचारावे, की याहून साधे काही करून पाहिले तर काय होईल? गेल्या शतकात हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर हजारो जबडे वाचले असते.